पंचमीला चाक फिरत नाही

आमच्या आखाड्यावर एकामागून एक पाच कुत्री झाली आणि पाचांचंही नाव शेऱ्या होतं. एक गेला की दुसऱ्याला तेच नाव. माय म्हणायची, नवं नाव तोंडात बसायला महिना जातो, तेवढ्यात कुत्रंच जातं. हे ती विनोदाने म्हणत नव्हती. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. आमचा आखाडा मंठ्यापासून दोन कोसांवर, गावापासून सुटा होता. दोन खोल्यांचं मातीचं घर, समोर गोठा, एका अंगाला गवऱ्यांचा हुडवा, दुसऱ्या अंगाला कडब्याची गंजी आणि पुढे नजर जाईल तिथवर काळं रान. तिथे कुत्र्याशिवाय राहणं जमण्यासारखं नव्हतं. भुईमुगात रानडुकरं शिरायची, कोंबड्यांवर मुंगूस टपलेलं असायचं, आणि दादा, म्हणजे माझे वडील, बाजाराला गेले की घरात आम्ही दोघीच. कुत्रं हवंच होतं, आणि पावसाळ्यात ते टिकत नव्हतं.

साप हा शब्द माय घरात उच्चारू द्यायची नाही. लांबडं म्हणायचं. चावला असंही म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. पहिल्या शेऱ्याला विहिरीच्या काठावर नागाचं पान लागलं, नाकावरच, तो घरापर्यंतही आला नाही. दुसरा बाजरीतून तोंड सुजवून आला, गोठ्यात दावणीखाली जाऊन पडला आणि दिवेलागणीच्या आत संपला. तिसरा सकाळी उंबऱ्याशी ताठ झालेला सापडला, अंगावर कुठे खूण नाही. दादा म्हणाले मण्यार असावी. मायने शेण सारवायला घेतलं होतं, तिने तेवढी जागा दोनदा सारवली.

आम्ही उपाय करत नव्हतो असं नाही. ज्येष्ठात माय घराभोवतालचं गवत मुळासकट काढायची. दगडी बांधाच्या फटी चिखलाने लिंपायची. हुडव्यातली गवरी काठीने ठोकल्याशिवाय उचलायची नाही, हा नियम मला चार वर्षांची असल्यापासून पाठ होता. सांजेला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. कुत्र्याच्या भाकरीत लसणाची पाकळी चुरलेली, ती ते कुत्रं बरोबर बाजूला काढून ठेवायचं. चौथ्या शेऱ्याच्या गळ्यात दादांनी बैलाची घुंगरमाळ कापून घातली, आवाजाने लांबडं वाटेतून दूर जाईल म्हणून. त्या घुंगरांमुळे त्याच्या तावडीत एकही ससा कधी आला नाही, तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. सापाला आपल्यासारखे कान नसतात हे मला पुढे शाळेत शिकवलं. घरी येऊन सांगितलं तर दादा म्हणाले, "मास्तरला म्हणाव, ये एकदा आखाड्यावर, आपल्या कानानं बघून जा."

शेवटी मायनेच एक गोष्ट हेरली. तिन्हींपैकी दोघांना तोंडावर पान लागलं होतं. म्हणजे लांबडं कुत्र्याकडे येत नव्हतं, कुत्रं लांबड्याकडे जात होतं. "ह्याचं तोंडच ह्याला खाऊन राह्यलंय," ती म्हणाली. "आखाड महिन्यापासून दसऱ्यापर्यंत दिवसाचं बांधून ठिवायचं." चौथा शेऱ्या आम्हाला फार कामाचा होता, तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला. तो मला शाळेच्या वाटेवर ओढ्यापर्यंत सोडायला यायचा आणि मी पलीकडे चढेपर्यंत तिथेच उभा राहायचा. मायने त्याच्यासाठी जागा निवडली ती अंदाजाने नाही. गंजी आणि लिंब यांच्यामध्ये मेख ठोकली, साखळी ताणून त्याला चारी बाजूंनी फिरवलं, आणि त्याचं नाक गंजीपासून तीन हात लांब राहतं, हुडव्यापासून चार हात, हे पायाने मोजलं. तेवढ्या वर्तुळात ती रोज झाडून घ्यायची. स्वच्छ, उघडी, कडक भुई. तिथे काही आलं तर चुलीपुढे बसून दिसावं. आज मी कोणालाही सांगेन की याहून शहाणपणाची व्यवस्था कोणी केली नसती. पावसाळ्याचा महिना-सव्वा महिना ती बिनबोभाट चालली.

गंजीचाही एक नियम होता. कडबा वरून काढायचा. शिडी लावायची, वर चढायचं, वरच्या थरातल्या पेंढ्या खाली टाकायच्या, एक थर संपल्यावर दुसरा. खालून पेंढी ओढायची नाही, कारण गंजी कलते, आणि खाली जी पोकळी पडते तिथे उंदीर शिरतात, आणि उंदरांमागून काय शिरतं ते सांगायला नको. नागपंचमीला आमच्याकडे औत चालत नाही, विळा चालत नाही, खणत नाहीत, चिरत नाहीत, तवा चुलीवर चढत नाही आणि गाडी जुंपत नाहीत, चाकाखाली त्याचं कोणी येऊ नये म्हणून. त्यामुळे आदल्या दिवशी दोन दिवसांचा कडबा काढून गोठ्यात नेऊन ठेवावा लागे. त्या वर्षी ते काम माझ्याकडे होतं. मी अकरा वर्षांची होते.

आदल्या दिवशी दादा गाडी घेऊन आक्काला सासरहून आणायला गेले होते. आक्का माझी थोरली बहीण, लग्नाला दीड वर्ष झालेलं, पहिल्यांदाच पंचमीला येत होती. ती गाडीतून उतरली ती मेंदीची पुडी हातात घेऊनच. गावात वडाला दोर बांधून झोका चढवलेला होता आणि पोरींचा कालवा आखाड्यापर्यंत ऐकू येत होता. माय जात्यावर डाळ भरडत बसली होती. "इंदे, कडबा काढला का?" तिने विचारलं. मी म्हणाले काढते. शिडी गोठ्याच्या मागे होती. पावसाने वरचा थर ओला झालेला, वर चढलं की परकराला काळं लागणार होतं. मी गंजीच्या लिंबाकडच्या बाजूने, खालून, आठ-दहा पेंढ्या ओढल्या. त्या सहज निघाल्या. काही पाचट आणि दोन सुटलेल्या पेंढ्या शेऱ्याच्या वर्तुळाच्या कडेपर्यंत पसरल्या, त्या उचलायच्या राहिल्या. शेऱ्या साखळीच्या टोकाला उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी कडबा गोठ्यात टाकला, हात धुतले आणि आक्काकडून मेंदी लावून घेतली. सगळ्या कामाला नेहमीपेक्षा निम्मा वेळ लागला.

पंचमीचा दिवस तसा घरात शांत असतो. फोडणीचा वास नाही, भाकरी थापल्याचा आवाज नाही. माय पुरणाची दिंडं उकडत होती, मोदकपात्र वगैरे आमच्याकडे काही नव्हतं, पातेल्याला फडकं बांधून त्यावर उकडायचं. वाफेचा गोडसर वास घरभर झालेला. आक्का ज्वारीच्या लाह्या पाखडत होती आणि सासूची नक्कल करत होती. "सूनबाई, लाह्या पाखडताना दात दाखवायचे न्हाईत," असं नाकात बोलून दाखवायची आणि स्वतःच हसायची. दादा धुतलेलं धोतर नेसून वारुळाला जायच्या तयारीत होते. बाहेर शेऱ्या भुंकायला लागला. घुंगरं वाजत होती. माय म्हणाली, "कोन आलं बघ गं." आणि मग तो आवाज आला, लोहाराचा भाता दाबल्यासारखा, लांबट, थांबून पुन्हा. तो ज्याने ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. घोणस. त्यानंतर शेऱ्या एकदाच ओरडला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा तो साखळी ताणून मागे सरत होता आणि पंजाने नाक पुसत होता. मी सांडलेल्या पाचटात जाडजूड, साखळी-साखळीच्या नक्षीचं ते अंग वळलं आणि सावकाश गंजीकडे गेलं, मी पेंढ्या ओढल्या होत्या बरोबर त्या भगदाडात. दादांच्या हातात काठी होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि हात जोडले. आजही ते मला तसेच दिसतात, पांढऱ्या धोतरात, गंजीपुढे हात जोडून. दुसरा कुठला दिवस असता तर त्यांनी तिला ठेचली असती, यात मला शंका नाही. त्यांनी माझ्यासमोर कमीत कमी सहा मारले होते.

मायने शेऱ्याला सोडलं. नाकाच्या शेंड्याजवळ दोन ठिपके, त्यातून रक्त येत होतं आणि थांबत नव्हतं. "आवं, गाडी जुंपा," ती म्हणाली. "मंठ्याला गुरांचे डाक्टर हाईत."

दादा म्हणाले, "आज?"

"मंग कधी, उद्या?"

"आज चाक फिरवायचं न्हाई. माझ्या बापानं कधी फिरवलं न्हाई."

"तुमच्या बापानं कुत्रं तरी कशाला पाळलं मंग."

आक्का मध्ये पडली, "माय, आज सणाचं..." तिला मायने नुसतं बघून गप्प केलं. दादा बैलांकडे गेले, बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि तसेच परत आले. "घरात लेकरंबाळं हाईत," ते म्हणाले. "त्याच्या दिवशी त्याच्यावर चाक घालू का मी? उद्या काय झालं तर कोनाला इचारू?" ते घाबरले होते. ते हट्टी आहेत असं मला तेव्हा वाटलं, घाबरले होते हे मला लेकरं झाल्यावर कळलं.

कोंबड्या झाकायचं मोठं डालगं मायने ओढलं, त्यात पोतं अंथरलं, शेऱ्याला उचलून ठेवलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मला म्हणाली, "लाव हात." मी हात लावला. माझे तळहात मेंदीने लाल होते. आम्ही निघालो.

दोन कोस म्हणजे फार नाही, पण काळ्या मातीचा चिखल असला की पाऊल उचलून टाकावं लागतं, पायाला शेर शेर माती. मध्ये ओढा. मी पुढे, माय मागे. गावाजवळ वारुळाकडे निघालेल्या बायका भेटल्या, नव्या लुगड्यांत, हातात लाह्या आणि दुधाचे गडवे. त्यांतल्या गोदाकाकूने विचारलं, "काय वं वहिनी, डालग्यात काय कोंबड्या का?"

"कुत्रं हाय."

"आता गं बया. सगळ्यांच्या लेकी म्हायेराला यायल्या, अन् तू कुत्र्याला सासरी घालवायली का?"

बायका हसल्या. माय म्हणाली, "पान लागलंय त्याला." हसू थांबलं. गोदाकाकू गडवा सांभाळत जवळ आली, डालग्यात डोकावली आणि हळू आवाजात म्हणाली, "आज त्याचाच दिवस हाय बाई. त्यानं घेतलं, आपन दिलं, असं समजायचं. लेकरावर न्हाई आलं हेच बरं म्हन." हे तिने चांगल्या मनाने म्हटलं होतं. मायने चुंबळ सरकवून घेतली आणि चालू लागली. मागे वळून बघितलं तर बायका वारुळाच्या वाटेला लागल्या होत्या.

ओढ्यापलीकडे आम्ही डालगं उतरवलं तेव्हा शेऱ्याचं तोंड दुप्पट झालं होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं, ते पोत्यातून झिरपून मायच्या कपाळावर आणि गालावर ओघळलं होतं. तिने पदराने पुसलं. तो शुद्धीवर होता. मी हाक मारली तर मोडका कान हलला. मी त्याला पाणी पाजायला ओंजळ पुढे केली, त्याला जीभ काढता येईना. "राहू दे," माय म्हणाली. "जल्दी चल."

मंठ्यात गुरांचे डॉक्टर त्यांच्या घरी सापडले. जेवायला बसले होते, तसेच उठून आले. कुठल्या तरी लांबच्या गावचे, तरुण, शुद्ध बोलणारे. ओसरीवर त्यांनी शेऱ्याचं तोंड उघडून बघितलं, पोटावर हात दाबला, डोळे बघितले. कधी चावलं विचारलं. मग हात धुतले, आणि ते ज्या पद्धतीने हात धूत होते त्यावरूनच मला कळलं.

"बाई, सापाचं औषध माझ्याकडे नाही," ते म्हणाले. "ते माणसांसाठीच पुरेसं मिळत नाही. कुत्र्याला द्यायला जालन्यातही नाही."

माय म्हणाली, "गाडीनं आलो असतो तर? लई वेळ झाला का?"

"तुम्ही उडत आला असता तरी मी हेच सांगितलं असतं. वेळेचा काही संबंध नाही." त्यांनी एक पांढरी भुकटी घातलेलं पाणी कापसाने त्याच्या नाकाला लावलं. आम्ही इतक्या लांबून आलो म्हणून त्यांनी ते केलं, हे मायलाही समजत होतं. तिने पदराच्या गाठीला हात घातला, ते नको म्हणाले. त्यांच्या बायकोने मला एक दिंड दिलं. ते मी वाटेत खाल्लं. भूक लागली होती.

परतीच्या वाटेवर ओढ्याच्या थोडं अलीकडे माय एकदम थांबली. "उतरव," म्हणाली. आम्ही उतरवलं. डोक्यावरच्या ओझ्यातला जीव गेलेला तिला बघायच्या आधी समजला होता. घुंगरमाळ तिने काढून घेतली, बैलाला परत होईल म्हणून. शेऱ्याला मात्र तसंच डोक्यावर घेऊन ती घरापर्यंत आली, कारण वाटेत टाकायचं नव्हतं आणि पंचमीला कुदळ मारता येत नाही. त्या दिवशी आम्हाला त्याला पुरताही आलं नाही. लिंबाखाली डालगं पालथं घालून त्यावर बाभळीचे फेस, काटेरी फांद्या, ठेवले, कोल्ह्याने ओढू नये म्हणून. दादा ओसरीवर बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. मायनेही सांगितलं नाही. त्यांना डालग्यावर फेस ठेवताना दिसलं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दादांनी खड्डा खणला. कुत्र्यासाठी इतका खोल खड्डा मी कधी बघितला नव्हता, ते कमरेपर्यंत आत होते तरी खणतच होते. मग माय आणि मी गंजी उलगडायला घेतली. शिडी लावली, वरून सुरुवात केली, थरामागून थर. तळाशी आलो तेव्हा उंदराची उघडी पिल्लं सापडली आणि एक कात. घोणस गेली होती. भगदाड मायने बघितलं. सगळ्या गंजीची एक बाजू खालून ओढलेली, हे तिला न समजण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "खालून वढल्या का?"

मी म्हणाले, "न्हाई."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. मेंदी चांगली रंगली होती. मग तिने पुढची पेंढी उचलली. तिने हा विषय मरेपर्यंत काढला नाही आणि कोणाजवळ बोलली असेल असंही मला वाटत नाही.

पाचवा शेऱ्या दिवाळीनंतर आला. त्यालाही आम्ही तसंच बांधलं, तसंच झाडून घेतलं, तसंच वरून कडबा काढला. दुसऱ्या श्रावणात त्याला पान लागलं, मोकळ्या कडक भुईवर, भर दुपारी, माय दहा हातांवर उभी असताना. त्यानंतर दादांनी कुत्रं आणलं नाही. माणसं मला विचारतात, गावाकडे कुत्रं पाळायचंय, सापापासून काय करावं. मी त्यांना गवत काढा, उंदीर हटवा, कडबा वरून काढा, सगळं सांगते. ते करावंच. त्याने कुत्रं वाचतं असं मात्र मी कोणाला सांगितलेलं नाही.

दादांमध्ये फरक पडला. पुढच्या पंचमीला त्यांनी सकाळी बैल काढले आणि गाडी जुंपली. मला वाटलं कुठे जायचंय. ते रिकामी गाडी घेऊन एकटेच मंठ्याच्या वाटेने ओढ्यापर्यंत गेले आणि परत आले. वाटेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. गावात बोलणं झालं, म्हातारा धर्म बुडवायला निघाला म्हणाले, तेव्हा ते म्हातारेही नव्हते. दरवर्षी त्यांनी तेच केलं. बैल विकले त्या वर्षापर्यंत. माय दारात उभी राहून बघायची आणि आत जायची. डॉक्टर काय म्हणाले होते ते तिने त्यांना सांगितलं असतं तर गाडी गोठ्यातच राहिली असती. ती का बोलली नाही, ते मला ठाऊक आहे असं वाटतं. तिने एक सांगितलं असतं तर दुसरं सांगावं लागलं असतं.

शेवटची सात वर्षं दादा माझ्याकडे नव्या जालन्यात होते. माझ्या नातीला गोष्ट सांगताना ते हमखास शेऱ्यावर यायचे. आखाडा, घुंगरं, पंचमी, सगळं बरोबर क्रमाने. शेवटी माझ्याकडे बघायचे. "इंदे, मी गाडी जुंपली असती तर वाचलं असतं न्हाई का गं ते?"

उडत आलो असतो तरी काही उपयोग नव्हता, एवढं एक वाक्य होतं. ते सांगितलं असतं तर त्यांच्या डोक्यावरचं ओझं त्याच क्षणी उतरलं असतं. पण मग ते म्हणाले असते, मायने एवढी जागा मोजून दिली होती, तर ते लांबडं तिथवर आलं कसं. हिशोबी माणूस, विचारल्याशिवाय राहिला नसता.

"हो दादा," मी म्हणायचे. "वाचलं असतं."